एकाच घरातून दोन भाव

माझी वहिनी इंदुमती जेवायला बसली तरी तिचा एक पाय उठायच्या तयारीत असायचा. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. भीमरावदादाची रेल्वेतली बदली जयपूरला झाली आणि मी कॉलेजसाठी त्याच्याकडे राहायला गेले. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की या क्वार्टरमध्ये अभ्यास करायचा असेल तर वहिनी बाहेर जायची वाट बघावी.

ते १९८६ साल. सीकर रोडवरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात लहान लहान कारखाने होते. माल परदेशी जायचा, पण इंग्रजीत चार ओळी लिहिणारा माणूस ठेवणं कुणाला परवडत नसे. ते सगळं वहिनी घरून करायची. भाव कळवणं, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला उत्तर देणं, मालाच्या याद्या, बँकेचे कागद. घरी टाईप करायचं आणि तारघरात जाऊन टेलेक्सने पाठवायचं. आता याला आउटसोर्सिंग म्हणतात आणि त्यासाठी काचेच्या इमारती बांधतात. तेव्हा शेजारणी म्हणायच्या, ही बाई दिवसभर कुठे उंडारते कोण जाणे!

तिच्या गिऱ्हाइकांत गुलाबचंदजी आणि भंवरलालजी हे दोन सेठ होते. दोघंही दारांच्या बिजागऱ्या करायचे आणि डेन्मार्कच्या एकाच लहानशा व्यापाऱ्याला विकायचे. म्हणजे एकमेकांचे पक्के वैरी. मी इतरांचीही कामं करते, कुणाची ते विचारायचं नाही, हे वहिनीने पहिल्याच दिवशी दोघांना बजावलं होतं. दोघांनी माना डोलावल्या होत्या. पण आपली दोघांची पत्रं एकाच घरातून जातात, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

एकाचा भाव दुसऱ्यात मिसळू नये म्हणून वहिनीने एक युक्ती काढली होती. गुलाबचंदजींचं काम ती स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभ्याने करायची, भंवरलालजींचं अंगणातल्या बाजेवर. टाईपरायटरचं तेवढं धूड उचलून इकडून तिकडे न्यायची, आणि मध्ये अंगणात फेऱ्या मारायची. ओट्यापाशी ती गुलाबचंदजींसारखी ताठ लिहायची, बाजेवर बसली की भंवरलालजींसारखी गोडगोड.

"अवं, बस ना एका जागी," दादा वैतागून म्हणायचा.

"बसली का दोघांचे आकडे एकमेकांशी बोलाले लागतात," ती म्हणायची.

आणि एक दिवस तो डेन्मार्कवाला स्वतःच जयपूरला यायला निघाला. दोन्ही सेठांचे निरोप आले: साहेब येतील तेव्हा आमच्या ऑफिसात आमची मॅनेजर म्हणून बसा. साहेब सकाळी एकाकडे आणि दुपारी दुसऱ्याकडे जाणार होते.

"एकाले सांग ताप आला म्हणून," दादाने तोडगा काढला.

"कोणाले?" वहिनीने विचारलं.

तिला जेवण जाईना. इस्त्री केलेल्या साड्यांना तिने पुन्हा इस्त्री केली. शेवटी दोन्ही फायली पिशवीत घालून मला म्हणाली, "चल. मी सांगूनच टाकते."

गुलाबचंदजींनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "दिवाली का ऑर्डर मेरे हाथ से गया था. तब आपको पता था?"

"पता था, सेठजी. दोनों भाव मैंने ही भेजे थे."

"मेरा नमक खाती हैं. एक इशारा नहीं कर सकती थीं?"

"आपको इशारा करती, तो कल आप सोचते कि उनको भी करती होगी."

सेठजींनी फाईल मागून घेतली. रस्त्यावर आल्यावर वहिनी थेट भंवरलालजींच्या कारखान्याकडे चालू लागली.

भंवरलालजींकडे उलटाच प्रकार. ते खूष झाले, लस्सी मागवली, दार लोटलं आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तो बताइए, गुलाबचंद इस बार क्या भाव दे रहा है?"

वहिनीने त्यांची फाईल टेबलावर ठेवली आणि ती सरळ उठली. लस्सी तशीच राहिली. मला लस्सीचंच वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग गुलाबचंदजींनी चारचौघांत सांगितलं, की ही बाई दोन्हीकडून खाते. एकेका कारखान्याचं काम तुटलं. डेन्मार्कवाला आला, दोन्हीकडे मॅनेजरबाईंची चौकशी करून, तिच्या जागी बसवलेल्या सेठांच्या भाच्यांशी हात मिळवून परत गेला. ते काम म्हणजे वहिनीचा जीव होता. जयपुरात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं. दुपारभर ती बाजेवर नुसती बसून राहायला लागली, तेव्हा मी खरी घाबरले. दादा तर पोरासारखा तिच्या अवतीभवती घोटाळायचा.

एका दुपारी दारात गुलाबचंदजी उभे. हातात तीच फाईल.

"नया आदमी रखा था," ते म्हणाले. "पहले ही दिन आकर भंवरलाल का भाव बता गया. मैंने पूछा भी नहीं था. मैंने खुश होकर उसे मिठाई खिलाई. फिर घर जाकर रोटी गले से नहीं उतरी. मेरा भाव भी तो शाम तक वहाँ पहुँच गया होगा."

वहिनीने त्यांना बसा म्हटलं नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. "आपने मुझे चोर कहा, सेठजी. पूरे बाज़ार में कहा. उस दिन मैं रास्ते भर रोती आई."

"ग़लती हुई, बहनजी. बाज़ार में कहा था, बाज़ार में ही वापस लूँगा." सेठजी खाली बघत होते. मग त्यांच्यातल्या व्यापाऱ्याला काही केल्या राहवेना. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "भंवरलाल भी आया था क्या, फ़ाइल लेकर?"

मी बोलायला तोंड उघडलं. वहिनीने माझ्याकडे असे डोळे वटारले की मी गप्प झाले.

"यह मैं नहीं बताऊँगी," ती म्हणाली.

गुलाबचंदजींनी मोठा श्वास सोडला आणि फाईल तिच्या हातात दिली.

"बस," ते म्हणाले. "यही सुनने आया था."