साखऱ्याचं पोट आणि कमलाबाईंचा गुडघा

"बाठा तुम्ही टाकलात, बाबा. मी नाही टाकला."

"आणि कुत्रा कोणी आणला? गावठी असता तर चोखून टाकून दिला असता. आजवर ह्या अंगणात इतके कुत्रे झाले, एकाने तरी बाठा गिळला? तुझ्या लॅब्राडोरला चोखायचं काय नि गिळायचं काय ते कळेना, त्याला मी काय करू?"

तो लॅब्राडोर, साखऱ्या, जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. डॉक्टरांचं उरलेलं बिल सकाळी मुकुलच्या फोनवर आलं, आणि दुपारी जेवताना भास्करराव आणि मुकुल ह्या बापलेकांची पुन्हा जुंपली. भूल कितीची, सोनोग्राफी कितीची, गळ्यात घालायच्या त्या प्लास्टिकच्या कर्ण्याचे एवढे पैसे कसे, इथून सुरू होऊन गाडी फिरून फिरून बाठ्यावर येत होती. सून अवनी मान खाली घालून जेवत होती. तिने पहिल्या दिवशी मध्ये पडून पाहिलं, तेव्हा दोघेही तिच्यावरच उलटले होते.

कमलाबाई वाढत होत्या. डाव्या हाताने ओट्याची कड धरायची, उजव्या हाताने आमटीचं भांडं घ्यायचं आणि मग डावा पाय ओढत टेबलाशी यायचं, असं त्यांचं वाढणं. तीन वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं की गुडघ्यात काही उरलेलं नाही, बदलायलाच हवा, जितकी चालढकल कराल तितकं कठीण जाईल. भास्कररावांनी मान डोलावली आणि घरी येता येता म्हणाले, "करू. आंबा संपला की करू."

पावस गावच्या रस्त्याला त्यांची आंब्याची बाग. त्या घरात सगळंच आंबा संपला की व्हायचं. न्हाणीघराची फरशी, अवनीचं शिवणयंत्र, उन्मेषच्या, म्हणजे थोरल्याच्या, मुंबईच्या नव्या घरी जाऊन येणं. आंबा संपतो तेव्हा दाराशी पाऊस असतो. पावसात कसलं ऑपरेशन, जखम चिघळेल. मग गणपती. गणपतीत घरची बाई अंथरुणात कशी चालेल? मग दिवाळी, तोवर मोहोराची वाट, फवारण्या, आणि परत आंबा. कमलाबाईंनी पहिल्या वर्षी आठवण करून दिली, दुसऱ्या वर्षी टोमणे मारले, आणि ह्या वर्षी नुसतीच कॅलेंडरची पानं उलटली.

आंब्याच्या दिवसांत अढी त्यांच्याकडे असे. मागच्या खोलीत पेंढ्यावर आंबे लावायचे, रोज उकिडवं बसून एकेक हाताने चाचपायचा, तयार झालेला वेगळा काढायचा, डागी बाहेर टाकायचा. भास्कररावांना वासाचं कळत नाही आणि मुकुल आंबे बटाट्यासारखे दाबतो, म्हणून हे काम दुसऱ्या कोणाला देता येत नव्हतं. निदान तसं सगळे म्हणत. बसताना त्या भिंत धरत आणि उठताना अवनीला हाक मारत.

साखऱ्या तिथेच येऊन पडायचा. खोली गार, पेंढा मऊ. सायीच्या रंगाचा, अंगाने ऐसपैस, आणि खायच्या बाबतीत लाज नसलेला. दुपारी जेवण झालं की भास्करराव पडवीत बसून आंबा चोखत आणि बाठा अंगणात भिरकावत. साखऱ्या तो हवेतच झेलायचा. भास्कररावांना त्याचं फार कौतुक. आल्यागेल्याला मुद्दाम दाखवत.

एके दिवशी त्याचं खाणं सुटलं, ते कमलाबाईंच्या सकाळीच लक्षात आलं. त्यांनी सांगितलंही, की हा भाकरीला तोंड लावत नाही, पोट दगडासारखं लागतंय. मुकुल पेट्या भरण्याच्या घाईत होता. भास्कररावांनी निदान केलं की उष्णता झाली, आणि त्याला कोकमाच्या आगळाचं पाणी पाजलं. ते त्याने ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशीही आगळच. तिसऱ्या दिवशी तो उठेना, तेव्हा घराची तारांबळ उडाली. वाशीच्या बाजाराला निघालेल्या पिकअपमधल्या पेट्या खाली उतरवल्या, मागे गोणपाट अंथरलं, आणि त्याला घेऊन सगळे रत्नागिरीत डॉक्टरांकडे गेले. कमलाबाई मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा आणि त्याही.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. म्हणाले, आतड्यात काहीतरी मोठं अडकलंय, उघडून काढावं लागेल, उशीर झालाय, खात्री देत नाही. आज करू, की सलाइन लावून उद्यापर्यंत बघू?

"बघायचं काय त्यात?" भास्करराव म्हणाले. "आत्ता करा."

कमलाबाईंनी ते ऐकलं. तेव्हा त्यांना बरंच वाटलं.

बाठा निघाला. आतड्याचा सडलेला तुकडाही कापावा लागला. टाके चाटू नयेत म्हणून साखऱ्या गळ्यात कर्णा घालून घरी आला. दाराला, टेबलाला, कमलाबाईंच्या गुडघ्याला त्याचा कर्णा आपटायचा. एकटं ठेवलं की रडायचा, म्हणून त्या जमिनीवर बसून राहत. जमिनीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं होतं, त्यांच्या डॉक्टरांनी. पिचकारीने पेजेचं पाणी त्याच्या तोंडात सोडायचं, तो दोन घोट घ्यायचा, उरलेलं बाहेर. एका सकाळी त्याने तेही घेतलं नाही. त्यांच्या पावलावर हनुवटी टेकली आणि थोड्या वेळाने ती नुसतीच जड झाली.

बागेच्या कडेला सगळा कातळ. धाकू गडी खड्डा खणायला पहार घेऊन निघाला, तर भास्कररावांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच खणत राहिले. मध्येच थांबून पंच्याने तोंड पुसत होते. घाम पुसतायत असं सगळ्यांनी धरून चाललं.

आणि आता हे बिल.

"आधीचे तर दिलेस ना?" भास्करराव विचारत होते. "ऑपरेशनच्या आधी भरलेस ते?"

"दिले की. आईच्या गुडघ्याचे ठेवले होते त्यातले दिले. हेही त्यातूनच देतो म्हणजे विषय मिटला."

अवनीचा घास हातातच राहिला. कमलाबाईंनी भाताचं पातेलं खाली ठेवलं. मुकुलला तेव्हा कळलं आपण काय बोललो ते.

"तूर्तास घेतलेत, आई. अडीनडीला. आंबा संपला की परत ठेवतो."

"हो तर," भास्करराव म्हणाले. "कुठे पळून जातायत पैसे?"

कमलाबाई फोन घेऊन पडवीत गेल्या. आत बापलेकांनी आवाज खाली आणला, पण वाद काही सोडला नाही. बिलातला कर्णा परत घेतात का, असं भास्करराव विचारत होते. पडवीतून कमलाबाईंचा आवाज येत होता, शांत, भाजीवाल्याशी बोलताना असतो तसा. एक फोन झाला, मग दुसरा. दुसऱ्या फोनवर त्या म्हणाल्या की हो, बाग दोघांच्या नावावर आहे, आणि त्यांना मी आता सांगत्येच.

परत येऊन त्या खुर्चीवर बसल्या. एरवी सगळ्यांची जेवणं होईपर्यंत त्या बसत नसत.

"साखऱ्यावर खर्च केलात ते बरोबर केलंत," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांचं राहिलेलं बिल आजच देऊन टाक, मुकुल. त्यांना ताटकळत ठेवू नकोस. आणि मी सोमवारी दवाखान्यात दाखल होत्ये. मंगळवारी ऑपरेशन."

"ह्या सोमवारी?" भास्करराव म्हणाले. "अगो, ऐन मोसमात? अर्धा माल झाडावर आहे."

"असू दे."

"आणि पैसे? पैसे कुठून आणणार आहेस?"

"वाशीची ह्या आठवड्याची पट्टी, आंब्याचे सगळे पैसे, माझ्या खात्यावर येतील. दलालाशी बोलल्ये मी. दोन महिने मी खाली बसणार नाही. अढी कोणी बघायची ते तुम्ही दोघं ठरवा. अवनीवर ढकलायची नाही, ती माझ्याबरोबर दवाखान्यात राहत्ये."