आसरांच्या डोणीला पाणी

भीती कशाची वाटते, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नसे. सकाळी डोळे उघडले की पहिल्यांदा छाती उडायची. मग हातापायाला मुंग्या, घशाला कोरड, भाकरीचा घास तोंडातच फिरत राहायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढून पाहिली आणि हृदय ठणठणीत आहे म्हणून सांगितलं. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी थोडं बरं वाटे, पण भीती काही जाईना. देवाचं नाव घ्यायला बसलो तरी नामाच्या मध्येच मन पळून जायचं आणि काहीतरी वाईट होणार, एवढंच डोक्यात घोळत राहायचं. देवाने मला टाकलं आहे असंच मी धरून चाललो होतो.

माझं घर दापोलीच्या बाजूला. आठवीत नापास झालो आणि शाळा सुटली ती सुटलीच. एका ओळखीच्या माणसाने बियाण्याच्या कंपनीत चिकटवलं आणि मी जालना जिल्ह्यात, कुंभार पिंपळगावच्या पुढच्या एका लहान गावात कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर राखणीला आलो. साल नव्वदच्या पुढचं, ब्याण्णव-त्र्याण्णव असेल. चारी बाजूला काळी जमीन आणि उघडं आभाळ. आमच्याकडे दहा पावलांवर झाड आडवं येतं. इथे नजर अडत नाही, याचीसुद्धा मला पहिल्या वर्षी भीती वाटायची. गावातले लोक मला कोकण्या म्हणत. शेताचे मालक अण्णा आपल्या घरातून माझी भाकरी पाठवत आणि मी ती नीट खातो की नाही हे पाहायला कधी कधी स्वतः येत. त्यांच्या जिवावर मी तिथे तगून होतो.

बियाण्याचा कांदा पुन्हा जमिनीत लावला की त्याला उंच दांडे फुटतात आणि टोकावर पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो. त्या गोंड्यात बी भरायचं तर मधमाशी यायलाच हवी. फुलोऱ्याच्या दिवसांत सगळा प्लॉट सकाळपासून गुणगुणत असे. त्या दिवसांत साहेबाला विचारल्याशिवाय औषध फवारायचं नाही, अशी कंपनीची सक्त ताकीद होती. पण एका सकाळी मला पातीवर चांदीसारखे ठिपके दिसले. फुलकिडे. साहेब यायला चार दिवस होते. प्लॉट गेला, अण्णांचं वर्ष गेलं, माझी नोकरी गेली, असं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे उभं राहिलं. मला चार दिवस थांबवेना, चार तासही थांबवेना. पंप पाठीवर घेतला आणि ऐन नऊ-साडेनऊच्या उन्हात, माशा गोंड्यांवर गच्च बसलेल्या असताना, मी फवारत सुटलो.

दुपारी सऱ्यांमधून माशा पडलेल्या दिसल्या. काही अजून वळवळत होत्या. मी त्या ओंजळीने गोळा केल्या आणि बांधाच्या कडेला पुरल्या. दुसऱ्या दिवशी प्लॉट मुका झाला. वारा होता, फुलं होती, आवाज नव्हता. अण्णा आले, गोंड्यावरून हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, यंदा माशा कुठं गेल्या काही कळून नाही राह्यलं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. आणि मग जे झालं ते लिहिताना आजही हात जड होतो. गावात रहमतचाचा म्हणून पंप दुरुस्त करणारे होते. वर्षातून एक-दोनदा बाभळीवरची मोहळं काढून औषधापुरता मध ठेवत. अण्णांचा संशय त्यांच्यावर गेला. धूर करून चाचाने माशा उठवल्या, असं ते चारचौघांत बोलले आणि माझ्या शेतात पाय ठेवायचा नाही म्हणून चाचांना बजावलं. दोघं एका वयाचे, एका आळीत वाढलेले. चाचा निघून गेले. मी तिथेच, दोन हात अंतरावर उभा होतो.

त्यानंतर माझी अवस्था फारच बिघडली. तीन-चार दिवसांनी फवारणीच्या पंपाचा वायसर बदलायला म्हणून मला चाचांकडेच जावं लागलं. त्यांनी चहा दिला. कप माझ्या हातात खडखडायला लागला.

"अरे कोकण्या, तुझ्या हातात चहा बी नाचून राह्यला," ते म्हणाले. मग हसू आवरून माझ्याकडे बघत राहिले. "गोळ्या खा, डॉक्टर सांगल तसं कर. पण उद्या सकाळी काशाबाईकडं जा बेटा. आसरांच्या रानात. माझी अम्मी बी तिकडं जायची, जीव घाबरला का."

गावाबाहेर ओढ्याच्या वळणावर साती आसरांचं रान होतं. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी, सात बहिणी. अर्धा-पाऊण एकर उंबर, करंज, जांभळीची दाटी. तिथून कोणी वाळली काटकीसुद्धा आणत नसे. मध्ये एक दगडाची डोण, म्हणजे पाण्याचं कुंड, आणि त्यात शेंदूर लावलेले सात गोटे. काशाबाई ही एकटी म्हातारी रोज तिथे झाडलोट करायची. पूर्वी फुलोऱ्याच्या दिवसांत प्रत्येक घरातून डोणीला एक घागर पाणी जायचं. ओढा आटला, गावात नळ आला, तशी ती रीत बंद पडली होती. काशाबाईच्याने आता दूरवरून पाणी आणणं होत नव्हतं. डोण कोरडी ठणठणीत पडली होती.

मी माझा आजार सांगायला लागलो तर तिने हाताने थांबवलं. अण्णांच्या विहिरीवरून रोज सकाळी दोन खेपा आण म्हणाली. चप्पल घालायची नाही, वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. मी विचारलं, मागायचं काय?

"काईच न्हाई मागायचं. मागाय लागला का घागर हिंदकळती."

मला विश्वास नव्हता. भीतीपोटीच गेलो, तसा मी सगळीकडेच भीतीपोटी जात होतो. पहिल्याच दिवशी डोण काठोकाठ भरली आणि मनात म्हटलं, जास्त पाणी म्हणजे जास्त पुण्य. काशाबाई रागावली. सातीजणींच्या गळ्यापर्यंतच पाणी पाहिजे, डोकी वर राहिली पाहिजेत, म्हणून तिने मला तांब्याने वरचं पाणी काढायला लावलं. ते काढलेलं पाणीही वाया जाऊ दिलं नाही, करंजाच्या मुळाशी ओतायला लावलं.

पण एक झालं. खांद्यावर भरली घागर असली की माणसाला पुढच्या पावलाखेरीज काही पाहता येत नाही. ढेकळं टोचत, पाणी मानेवरून पाठीवर उतरे, आणि विहिरीपासून रानापर्यंतची ती वाट चालेस्तोवर छाती गप्प असायची. रानात शिरल्यावर पाचोळ्याचा ओला वास यायचा. झाडांचा जवळपणा कित्येक महिन्यांनी अंगाला लागत होता. मी डोणीशी बसून राही. काशाबाई बोलत नसे, मीही नाही. परत शेतात आलो की भीती दारात उभीच असे, पण दिवसातली ती घटका माझी झाली होती.

सहाव्या दिवशी घागर हिंदकळली. अर्धं पाणी अंगावर सांडलं. कारण मी मागत होतो. देवी, माशा परत आण, म्हणजे मला कोणाला काही सांगावं लागणार नाही, असं माझं मन घोकत चाललं होतं. हे माझं मलाच ऐकू आलं आणि मी वाटेतच थांबलो. देवीने काही केलं असेल तर तेवढंच केलं, माझं मन मला ऐकवलं. उरलेलं पाणी डोणीत ओतून मी सरळ अण्णांकडे गेलो. ते बैलांना पाणी दाखवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आता हे मला हाकलतील, मग घरी कसं तोंड दाखवू, हे सगळं डोक्यात होतं, आणि तरी शब्द बाहेर येत राहिले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बैल पाणी पिऊन होईस्तोवर थांबले. मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग? ज्याला बोलून बसलो त्याच्याकडं चल."

चाचा दुकानात खाली बसून काम करत होते. अण्णा दारातच अडखळले, मग मीच बोललो. चाचांनी हातातलं काम ठेवलं.

"तू पंप घेऊन आलता त्या दिवशीच मला समजल्तं," ते म्हणाले. "तुझ्या पंपाला औषधाचा वास ताजा होता. पण तुझं नाव घेतलं असतं तर गावानं तुला ठेवलं नसतं. आन तू आधीच बिलकुल मेल्यावानी दिसून राह्यलता. मंग म्हनलं, हा आपल्या पायानं येऊ दे."

अण्णा खाली बसले. म्हणाले, रहमत, चहा तरी सांग. चाचा म्हणाले, तुझ्या शेतात पाय ठेवायची मनाई आहे, माझ्या दुकानात तुला न्हाई. तेव्हा कुठे दोघं हसले. मला मात्र रडू आलं आणि ते मी आवरलं नाही.

दुसऱ्या सकाळी विहिरीवर गेलो तर अण्णा माझ्या आधी घागर भरून अनवाणी निघाले होते. मी मागोमाग. रानात पोचलो तेव्हा काशाबाईने बोट दाखवलं. पाण्यातून वर आलेल्या गोट्यांच्या डोक्यांवर माशा बसल्या होत्या, सात-आठ असतील. पाण्याच्या कडेला तोंड लावून पीत होत्या. पाणी काठोकाठ असतं तर त्या बुडाल्या असत्या. डोकी वर का ठेवायची, ते मला त्या वेळी कळलं. चाचा नंतर म्हणाले, ह्या आपल्या मेलेल्या न्हाईत, दुसरीकडच्या आहेत, उन्हात पाणी शोधत आल्या असतील. असेल तसं. मी त्यावर वाद घालत नाही. दोन दिवसांनी प्लॉटच्या रानाकडच्या बाजूने पहिली गुणगुण ऐकू आली.

आधी उमललेले गोंडे पोचटच राहिले. ते नुकसान माझ्या हातून झालं, ते भरून आलं नाही. उशिराच्या गोंड्यांत बी धरलं. साहेबांनाही मी खरं सांगितलं. ते खूप बोलले, पण अण्णांनी शब्द टाकला आणि मी राहिलो. पुढच्या फुलोऱ्यात डोणीला पाणी न्यायला आळीतली आणखी चार घरं लागली. फवारायची वेळ आलीच तर दिवस कलल्यावर, आणि आदल्या संध्याकाळी रानात जाऊन आसरांना सांगून, असं अण्णांनी घरात ठरवूनच टाकलं.

भीती गेली, असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. आजही कधी कधी सकाळी छाती उडते, गोळीही घ्यावी लागते. पण तेव्हापासून मी देवापुढे मागण्यांची यादी घेऊन बसत नाही. पाणी नेणं माझं काम होतं, खरं बोलणं माझं काम होतं. माशीने यावं की नाही, अण्णांनी ठेवावं की हाकलावं, हे माझ्या हातचं नव्हतं, आणि ते माझ्या हातचं नाही हे मान्य करायला मला माझ्या घरापासून इतक्या लांब यावं लागलं. ज्याच्यावर माझ्यामुळे आळ आला त्यानेच मला देवीची वाट दाखवली. यापेक्षा मोठी कृपा कशी असते, मला ठाऊक नाही. मी हात जोडतो तेव्हा सात बहिणींच्या शेजारी ते चहाचा कप पुढे करणारे चाचाही मला दिसतात.