चिआंग माईतली डबल बेल

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्याच जुन्या कमेंट्स काढून दाखवायला नकोत. या ग्रुपवरच्या भुताखेतांच्या अनुभवांची मी मनसोक्त टिंगल केलेली आहे. "चष्म्याचा नंबर तपासा", "जेवण हलकं घ्या"... असले रिप्लाय माझेच. आमच्या घरात हे वारंच नव्हतं. माझे बाबा, शामराव कदम, बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडी घेऊन कुठल्या कुठल्या गावांत झोपलेला माणूस. "एवढ्या वर्षांत एका भुतानं तिकीट मागितलं नाही, म्हंजे भूत नसतंयच," हे त्यांचं लॉजिक. मला ते पटायचं. अजूनही पटतं... आणि तरी लिहायला बसलेय.

आम्ही नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला राहतो. नवरा मंदार इंजिनीअर, मुलगी ईरा नऊ वर्षांची. मी डिपेंडंट म्हणून आले, आता आइंडहोवनला एका कंपनीत प्लॅनिंगचं काम करते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा साताऱ्यात एकटे, आणि मी त्यांची एकुलती एक.

बाबांना इथे यायचं होतं. ट्यूलिप वगैरे त्यांना काही पडलेलं नव्हतं. "तुझं घर बघायचंय, आणि कंडक्टरशिवाय बस चालते कशी ते एकदा बघायचंय," एवढंच. त्यासाठी व्हिसा हवा, आणि व्हिसासाठी मी भरायचा एक फॉर्म. पाहुण्याचं नाव, कुठून येणार, किती दिवस राहणार, जबाबदारी कोण घेणार. तो भरून खमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, जाऊन त्यांच्यासमोर सही करायची. माझ्या घरापासून सायकलने सात मिनिटं! तो फॉर्म स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये जुन्या बॅटऱ्या आणि मेणबत्त्यांखाली दोन वर्षं पडून होता. आधी घर बदलायचं होतं, मग माझी नोकरी नवीन, मग ईराची शाळा. बाबा विचारायचे, मी म्हणायचे, "पुढच्या महिन्यात नक्की."

शेवटी मलाच लाज वाटली आणि मी पळवाट काढली. थायलंड! भारतीयांना व्हिसा लागत नव्हता. म्हटलं, बाबा तिकडून येतील, आम्ही इकडून जाऊ, सहा दिवस एकत्र राहू. मागच्या नोव्हेंबरमध्ये आम्ही चिआंग माईला गेलो. बाबांचा हा पहिला परदेश. पासपोर्टवरचा पहिला शिक्का त्यांनी विमानतळावर तीन वेळा उघडून बघितला.

आम्ही एका छोट्या गेस्टहाऊसमध्ये उतरलो होतो. मालकीण साठीच्या बाई, नोई नावाच्या. बाबा त्यांना लगेच नोईताई म्हणायला लागले, त्या बाबांना पापा. दोघांची भाषा एक नाही, पण गप्पा तासन्‌तास. अंगणात एका खांबावर लाकडी, नक्षीदार, बाहुलीचं वाटावं एवढं घर होतं. तिथे जवळजवळ प्रत्येक घरापुढे असं असतं. त्या जागेचा जो कोणी राखणदार, त्याचं ते घर. नोईताई रोज संध्याकाळी तिथे उदबत्ती लावायच्या, आणि लाल सरबताची बाटली ठेवायच्या... स्ट्रॉ घालून!

"बघ की, त्याची पण सोय केलीय," बाबा खूष.

पहिल्याच दिवशी नोईताईंनी आम्हाला त्या घरापुढे उभं केलं. आल्यावर राखणदाराला सांगायचं असतं म्हणे... मी कोण, कुठून आले, किती दिवस राहणार. जाताना पुन्हा सांगायचं, की निघालो. नाही सांगितलं तर त्याला वाटतं तुम्ही अजून इथेच आहात, आणि तो वाट बघत बसतो. मी आणि मंदार उगाच हसलो. बाबा हसले नाहीत. टोपी नव्हती तरी केसांवरून हात फिरवला आणि मराठीत म्हणाले, "मी शामराव कदम, रिटायर्ड कंडक्टर, मुक्काम सातारा. लेकीबरोबर सहा दिवस ऱ्हाणार हाय. सांभाळून घ्या."

"बाबा, तुम्ही भूत मानत नाही ना?"

"भूत येगळं, घरमालक येगळा," बाबा म्हणाले. "कुणाच्या घरी राह्यचं तर सांगाय नको?"

सहा दिवस हा माणूस नुसता उधळला होता. गावात लाल रंगाच्या शेअर गाड्या फिरतात, मागून चढायचं, समोरासमोर बाकडी, आणि उतरायचं असलं की छताला एक बटण असतं ते दाबायचं. "आगं, ही तर आपली लाल परी!" बाबा दाराशीच बसायचे आणि चढणाऱ्या थाई बायकांना हातानेच पुढे सरकायला सांगायचे. त्या सरकायच्यासुद्धा! देवळात गुडघ्यामुळे पाय लांब करून बसले, पाय मूर्तीकडे. तिथे ते अगदी चालत नाही. एका भिक्खूने न रागावता स्टूल आणून दिलं, तर बाबांनी त्याला हात जोडून आख्खं मिनिट सोडलं नाही. रोज सकाळी निघताना त्या लाकडी घराला सांगायचे, आज इकडं चाललोय, जेवायला परत येतो. तिथे एक छोटी पितळी घंटा टांगलेली होती, पण तिला त्यांनी कधी हात लावला नाही. "बेल निघतानाच मारायची. उगाच न्हाई मारायची," म्हणाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... एसटीत कंडक्टरची सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा, डबल बेल म्हणजे चला. आमच्या घरातही तेच चालायचं. लहानपणी शाळेला उशीर झाला की बाबा दारातून ओरडायचे, "डबल बेल, डबल बेल!"

निघायच्या दिवशी सकाळी व्हॅन दारात उभी. ईराची चप्पल सापडत नव्हती, मंदार बॅगा मोजत होता, मला ऑफिसचे फोन. माझं डोकं फिरलेलं. आणि बाबा सावकाश त्या लाकडी घराकडे चाललेले. मी व्हॅनमधून ओरडले, "बाबा, राहू द्या हो ते भुताचं घर! विमान थांबणार आहे का? डबल बेल!"

हे मी म्हणाले. त्यांचाच शब्द, त्यांच्यावरच.

बाबा अर्ध्या वाटेत थांबले. तिथूनच हात वर केला आणि वळून येऊन बसले. "ड्रायव्हरनंच बेल मारल्यावर कंडक्टर काय करणार?" असं म्हणून हसलेही. बरंच पुढे गेल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ऱ्हायलंच बघ सांगायचं."

"पुढच्या वेळी सांगा."

विमानतळावर त्यांचं गेट एकीकडे, आमचं दुसरीकडे. "तुझ्या त्या फॉर्मचं तेवढं बघ," म्हणाले. मी म्हटलं, "मे महिन्यात नक्की, बाबा." तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी तो घेतला. वळून बघितलं तर बाबा रांगेत पुढे गेले होते, पाठमोरे. बस... तेच शेवटचं.

जानेवारीतला मंगळवार. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी डबा उघडला होता. पावणेएकला नोईताईंचा मेसेज आला. त्यांचं इंग्रजी माझ्या डचइतकंच मोडकं, पण मेसेज स्पष्ट होता. "पापा आत्ता आले होते. मी उदबत्ती लावत होते. त्यांनी हात जोडले, बोलले काही नाही. डोक्यात तपकिरी लोकरी टोपी, कान झाकणारी, बाळांना घालतात तशी. मी खुर्ची आणायला आत गेले. घंटा दोनदा वाजली. बाहेर आले तर फाटक उघडं. तुम्ही कुठल्या हॉटेलात उतरलात? इथे का नाही आलात?"

मी हसले. देवाशपथ, हसले. दुसरे कुणी आजोबा असतील, पापा भारतात आहेत, असं कळवून हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. आणि गंमत म्हणून बाबांना मेसेज केला, "काय हो, मला न सांगता चिआंग माईला गेलात होय?" मेसेज पोचल्याच्या दोन राखाडी खुणा आल्या. त्या अजून राखाडीच आहेत.

दोनला दहा कमी असताना साताऱ्याहून शेजारच्या जाधवकाकांचा फोन.

"पोरी, बसलीयस का? बस आधी."

"काय झालं काका?"

"शामराव गेले गं. फिरायला गेले ते देवळाच्या कट्ट्यावर बसले, बसल्या जागीच... पाच वाजले असतील. फोन घरीच होता, चार्जिंगला. डॉक्टर आणेपर्यंत सगळं संपलं होतं."

आपल्याकडचे पाच म्हणजे चिआंग माईचे साडेसहा. इथले साडेबारा. हे गणित मी तेव्हा केलं नाही. विमानात केलं, आणि परत परत केलं.

मी दुसऱ्या दिवशी रात्री पोचले. तोवर सगळं उरकलं होतं. मीच सांगितलं होतं, थांबू नका, बाबांना कुणी ताटकळलेलं आवडायचं नाही. घरात दिवा आणि गूळपाणी. जाधवकाकांना मी पहिला प्रश्न विचारला तो त्यांना वेडगळच वाटला असणार. "काका, बाबांच्या अंगावर काय होतं?"

"नेहमीचंच की. स्वेटर, आणि ती तपकिरी माकडटोपी. चारच्या पुढं टोपीशिवाय कुठं बाहेर पडायचे ते?"

ती टोपी बाबांनी थायलंडला नेलीच नव्हती. "तिकडं उकडतंय," म्हणून घरी ठेवली होती. नोईताईंनी ती कधी बघितलेली नाही. आमच्या एकाही फोटोत नाही... मी सगळे फोटो तपासले.

मंदार सरळ माणूस आहे. त्याने मला समजावलं, तिकडे भारतीय टुरिस्ट खूप असतात, म्हाताऱ्या माणसांच्या टोप्या सारख्याच, बाईंची नजर चुकली असेल. "आणि घंटा?" मी विचारलं. वारा, म्हणाला. "दोनदाच?" यावर त्याने मला जवळ घेतलं. नोईताईंना मी खरं कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच लिहिलं, की पापांचं सांगायचं राहिलं होतं ना, ते सांगून गेले. राखणदार आता त्यांची वाट बघणार नाही.

हे वाचून कुणाला बरं वाटेल. मला नाही वाटलं. मला राग आला, खूप राग आला. सहा दिवस राहिलेल्या परक्या घराचा निरोप घ्यायला गेलात, बाबा... आणि मी? माझं काय? साडेबाराला मी कॅन्टीनमध्ये होते, जागी होते. माझ्याकडे का नाही आलात? महिनाभर मी हेच विचारत होते. जेवताना, सायकलवर, आंघोळीला गेल्यावर नळ सोडून.

उत्तर ईराच्या प्रश्नातून सापडलं. एका दुपारी ती माझ्याशेजारी बसून बाबांचा पासपोर्ट चाळत होती, जाधवकाकांनी माझ्याकडे दिलेला. तिने डचमध्ये विचारलं, "आजोबांना आपल्याकडे यायची परवानगी नव्हती का?" मी पासपोर्ट हातात घेतला. सगळ्या कोऱ्या पानांत एकच परदेश. थायलंड.

बत्तीस वर्षं या माणसाने सख्ख्या मेहुण्यालाही विनातिकीट बसू दिलं नाही. तो स्वतः परवानगीशिवाय माझ्या दारात येईल? जिथे जायची मुभा होती तिथेच गेले बाबा. माझ्याकडे यायचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, बॅटऱ्यांखाली.

ते सुचलं आणि मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले. ईरा घाबरली, तिला पाणी आणायला लावलं, आणि मग आम्ही दोघींनी तो फॉर्म बाहेर काढला. सावकाश, चांगल्या अक्षरात भरला. भरताना लक्षात आलं, यात जे विचारतात तेच नोईताईंनी राखणदाराला सांगायला लावलं होतं. नाव काय, कुठून, किती दिवस.

मागच्या बागेत सायकलच्या शेडला लागून मी एक फळी ठोकली. तिच्यावर लाल सरबत, स्ट्रॉ घालून. ईराने चिआंग माईच्या बाजारातून आणलेली पितळी घंटा टांगली. पहिल्या दिवशी वाऱ्याने ती एवढी वाजली की शेजारीण विचारायला आली, मग मंदारने ती छपराच्या आत आडोशाला बांधली. मी फॉर्म हातात धरून पावसात उभी राहिले आणि मोठ्याने वाचला. शामराव कदम, मुक्काम सातारा. माझे वडील. जबाबदारी माझी. किती दिवस... ती जागा मी कोरी ठेवलीये.

तर मंडळी, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. नोईताईंनी कुणाला बघितलं, मला माहीत नाही. मंदारचंच खरं असेल. या वेळी "चष्म्याचा नंबर तपासा" असं कुणी लिहिलं तर मी भांडणार नाही.

आज अडीच महिने झाले. आडोशाला बांधल्यापासून घंटा एकदाही वाजलेली नाही. ऑफिसमधून आले की मी सायकल लावता लावता दोन मिनिटं शेडमध्ये थांबते. डबल बेल नको, बाबा. ती मी मारून चुकलेय. सिंगल बेल मारा... एकदाच. गाडी थांबवा म्हणावं, माझ्या दारात कुणीतरी उतरतंय.