आकारामच्या पायताणावर

“पाय भुईला टेकला, तर सगळ्यांचं पैसं परत!” फक्रुद्दीन माइकवर म्हणाला आणि सायकलवर बसला. आता आठवडाभर तो उतरणार नव्हता.

साल अठ्ठ्याण्णव. कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागं त्याचं पंक्चरचं दुकान. शाळा सुटलेल्या पोरापोरींना फुकट लेथकाम, म्हणजे लोखंड कातायचं काम, शिकवायला गल्लीतल्या तरुण मंडळानं शेड घातली होती. लेथ मात्र नव्हता. वर्गणी जमेना, तेव्हा सायकल फिरवून पैसे उभे करायला फक्रुद्दीननं मैदानात पांढऱ्या फक्कीचं रिंगण आखलं.

मैदान पेटलं. कर्णा दिवसभर बोंबलायचा. लोक धावत जाऊन त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे. त्याची बायको नजीरा सायकलीशेजारनं चालत त्याला भाकरी भरवायची, आणि गणपतराव न्हावी पळत पळत दाढी करायचा.

“मान हलवू नगासा, नाक जाईल!”

“जाऊ दे नाक. तू हँडल सोड की!”

आकाराम किराणावाला मात्र रोज कडेला उभा. नोट टाचली होती, पण जीव तिच्यातच अडकलेला. नजर फक्रुद्दीनच्या पायांवर. “टेकतोय बघा! आज टेकतोय!”

फक्रुद्दीनचे डोळे खोल गेले. सायकल फिरतेय की मैदान, हे त्याला कळत नसावं. तरी तो हसायचा.

शेवटच्या संध्याकाळी सगळी पेठ लोटली. कारखान्याचा भोंगा झाला की उतरायचं. भोंग्याला थोडाच वेळ होता, तेवढ्यात एक बकरं रिंगणात घुसलं. सायकल झोकांडली, कडेच्या माणसांवर कलली, आणि फक्रुद्दीनचा उजवा पाय खाली आला.

कर्णा थांबला. सगळे वाकून बघू लागले. पायाखाली आकारामचा पाय होता.

“आकाराम, बोल! टेकला का न्हाय?” गर्दीतनं कुणीतरी विचारलं.

आकारामचं तोंड वेदनेनं वाकडं झालेलं. त्यानं खाली पाहिलं, सदऱ्यावरच्या नोटांकडं पाहिलं. मग ओरडला, “भुई कुठं हाय? खाली माझं पायताण हाय की! बघतोस काय, मार पायडल!” आणि त्यानंच सायकल ढकलली.

हलग्या कडाडल्या. भोंगा झाला तो कुणाला ऐकूच आला नाही.

“फक्रूभाई, दोन शब्द बोला!” कुणीतरी माइक पुढं केला. फक्रुद्दीन उतरला. भुईवर पाय ठेवून क्षणभर उभा राहिला. नोटांचा सदरा काढून त्यानं आकारामच्या हातात दिला आणि घराकडं निघाला. पाय सवयीनं डावीकडंच वळत होते. नजीरानं खांद्याला धरून त्याला सरळ केलं. गर्दीनं वाट दिली. तो रिंगणाबाहेर गेला.