हिरामण कुटेचे खण

सायखेड्याचा हिरामण कुटे एक्क्याण्णव साली शहरातल्या द्वारका चौकाजवळ डॉ. ज्योत्स्ना वैद्य यांच्या दवाखान्यात केसपेपर सांभाळायला लागला. दवाखाना मानसोपचाराचा आहे हे त्याने गावात सांगितलं नाही. डोक्याचा दवाखाना, एवढंच म्हणे. त्यामुळे लोक त्याच्याकडे अर्धशिशीच्या गोळ्या मागत.

तीन-चार वर्षांनी आजारांच्या वर्गीकरणाचं नवं पुस्तक आलं. प्रत्येक आजाराला नंबर. बत्तीस म्हणजे डिप्रेशन, वीस म्हणजे स्किझोफ्रेनिया. डॉक्टर केसपेपरच्या कोपऱ्यात नंबर टाकू लागल्या. हिरामणला ही व्यवस्था फार आवडली. सातपूरच्या एका वर्कशॉपमधून त्याने खणांचं लोखंडी कपाट करून आणलं, खणांवर नंबर रंगवले आणि नावाप्रमाणे लावलेले सगळे पेपर नंबराप्रमाणे लावले. डॉक्टर म्हणाल्या, बघा बुवा. त्याने ते कौतुक समजलं.

पेशंट मात्र एका खणात राहीनात. पेठकडच्या झुंबरबाईला नवरा मंगळू पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा ती महिनाभर धड जेवली नव्हती. तिला बत्तीस मिळाले. पुढच्या वर्षी तिला शेताच्या बांधावरून कुणीतरी हाका मारू लागलं, तेव्हा वीस. मग हाका थांबल्या, रडणं राहिलं. डॉक्टरांनी वीस खोडून पंचवीस लिहिलं. पंचवीस म्हणजे दोन्हींच्या मधला.

हिरामणला हा मधला खण पटला नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांना ठरवता आलं नाही म्हणून त्यांनी तो मधे घातला असावा, असं त्याचं मत होतं. बाईला हाका ऐकू आल्या होत्या ना, मग वीसच. त्याने तिचा पेपर विसाच्या खणात ठेवला आणि कुणाला काही बोलला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात डॉक्टर परिषदेला गेल्या होत्या. बदली म्हणून डॉ. योगेश बसले होते. मंगळू झुंबरबाईला घेऊन आला. ती दोन दिवस झोपली नव्हती, चालत घराबाहेर निघून जात होती. हिरामणने पंचवीसचा खण पाहिला, मग बत्तीसचा. आपण स्वतः पेपर कुठे ठेवला ते त्याला आठवेना. डॉ. योगेशांनी वाट पाहून इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत झुंबरबाईची मान एका बाजूला वळून ताठ झाली, जबडा उघडेना. उतारा दिल्यावर तासाभरात ती सैल पडली.

त्यानंतर पेपर विसात सापडला. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं, हे इंजेक्शन पुन्हा देऊ नये. ते अक्षर हिरामणचंच होतं; मागे एकदा तिची मान अशीच वळली तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याकडून ते लिहून घेतलं होतं.

मंगळू बाकावर बसला होता. "आमी दर बारीला तिचं नाव सांगतो," तो म्हणाला, "तुमी नंबर शोधता."

हिरामणने त्याची माफी मागितली. डॉक्टर परतल्यावर त्याने घडलेलं सगळं सांगितलं आणि नोकरी सोडतो म्हणाला. डॉक्टरांनी पेपरच्या कोपऱ्यातल्या खोडलेल्या नंबरांवर बोट ठेवलं.

"परिषदेत आम्ही दोन दिवस याच्यावरच भांडलो," त्या म्हणाल्या. "कुणाला खण वाढवून हवेत, कुणाला कमी. आम्हा डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला नंबर लागतो. औषध मी पेशंट बघून देते."

"मग पंचवीस बरोबर होतं का, मॅडम?"

"त्या दिवशी होतं. पण ते ठरवणं तुमचं काम नव्हतं, हिरामणभाऊ."

नोकरी राहिली. पुढच्या दोन रविवारी हिरामणने एकट्याने सातशे पेपर पुन्हा नावाप्रमाणे लावले. खणांवरचे नंबर खरवडताना पत्रा दिसू लागला, तो तसाच राहिला.

झुंबरबाई डॉक्टरांच्या गोळ्यांच्या कमी डोसवर पुष्कळ सावरली. नागलीच्या लावणीला जाऊ लागली. दोन हजार सहा साली हिरामण निवृत्त झाला, तोवर तिच्या कोपऱ्यातला नंबर आणखी दोनदा खोडला गेला होता. तिला त्याची कल्पना नव्हती. ती दर दोन महिन्यांनी येई, हिरामणला घरच्यांची खुशाली विचारी आणि गोळ्या घेऊन पेठच्या एसटीला जाई.