अक्काचं पहिलं दूध

अक्का पहिल्या बाळंतपणाला सोलापूरला माहेरी यायची होती, म्हणून अव्वाने, म्हणजे आमच्या आईने, डिंक, खोबरं, बाळंतशेपा सगळं आधीच भरून ठेवलं होतं. हौस दांडगी. कमी पडलं ते भलतंच.

भर दुपारी मुलगा झाला. वारही पडली. सुईण जिभेची फटकळ, अव्वाला मुळीच न आवडणारी. पण आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्याच हातची. तिने अक्काच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि तिची बडबड थांबली.

"पिशवी मऊ पडलीया. रगात थांबंना. पोराला पाजायला घ्या, आन मला पोट चोळू द्या."

ती जोर लावून चोळू लागली तशी अक्का कळवळली. "नको गं अव्वा." अव्वाला ते बघवेना. तिने सुईणीचा हात धरून बाजूला केला.

"मारतीस काय पोरीला? घाण रगात हाय, जाऊ दे की. आन तीन दिवस आमच्यात अंगावर पाजत न्हाईत. पयला चीक पिळून टाकायचा असतो."

"पोरानं ओढलं की पिशवी आवळती, वैनी. माझ्याकडं दुसरं औषिद न्हाय."

पोटाला पुन्हा हात लावू नको, असं सुईणीला बजावून अव्वा बाळाला मध चाटवायला माजघरात घेऊन गेली. मी अक्काखालची जुन्या लुगड्याची फडकी बदलत राहिले. दिवेलागणीला तिचे ओठ पांढरे पडले, तेव्हा अव्वाच बाळ घेऊन धावत आली आणि तिने ते अक्काच्या छातीशी लावलं. बाळ ओढू लागलं. अक्का डोळे उघडेना. थोड्या वेळाने ती गेली.

मी अव्वाला कधी बोल लावला नाही. राग मात्र होता, आणि तो पुष्कळ वर्षं टिकला.

मग माझं बाळंतपण आलं. खोली तीच, सुईणही तीच. मला मुलगी झाली. नाळ कापताच अव्वाने तिला माझ्या छातीशी धरलं, वार पडताच सुईणीला बाजूला सारलं आणि स्वतः माझं पोट चोळायला बसली. पोट घट्ट झालं तरी थांबेना.

"वैनी, पुरे की आता," सुईण हळू आवाजात म्हणाली. "रगात थांबलंय."

अव्वाने मान वर केली नाही.

"अव्वा, दुखतंय," मी म्हणाले.

"दुखू दे, अक्का," ती म्हणाली. "दुखू दे."

मी तिला चोळू दिलं.