मामांची टायपिंगची चूक

महाराष्ट्रात नाटकं लिहिणारे ढीगभर, करणारे त्याहून जास्त. पण कुणाच्याही गचाळ हस्तलिखिताला नाटकासारखं ताठ उभं करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. माझ्या बायकोचे हे मामा फौजेत कारकून होते. निवृत्त होऊन वडूजला आले, घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडला आणि तालुक्यातल्या समस्त हौशी नाटककारांना शिस्त लावायचं काम हाती घेतलं. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण फौजेतून आलेला माणूस हुकमाची वाट बघत नाही, हुकूम सोडतो.

पात्राचं नाव डावीकडे ठळक, संवाद त्याच्यासमोर सरळ रांगेत, सूचना कंसात, आणि दिग्दर्शकाला लिहायला समास एवढा रुंद की त्यात ज्वारी पेरावी. एक वाक्य दोन पानांत तुटलेलं त्यांना अजिबात खपत नाही. “नट पान उलटंस्तवर हिरॉईन काय नुसती हुबी ऱ्हाणार?” असं ते विचारतात. प्रयोगात नटाच्या हातात पान नसतं, हे त्यांना सांगून काही उपयोग नसतो. माझ्या एका नाटकात मी नायकासाठी कंसात ‘अंतःकरण पिळवटून, डोळ्यांत आसवांचा महापूर दाटून’ असं लिहिलं होतं. छापून आलं ते ‘रडतो’ एवढंच. मी तक्रार केली तर म्हणाले, “जावईबापू, म्हापूर सांगलीत येतो. डोळ्यांत पानी येतं.”

कंसातली प्रत्येक हालचाल ते घरात करून बघतात. त्यासाठी पुढची खोली हा रंगमंच, आणि स्वयंपाकघराचं दार ही उजवी विंग. मामी चहा घेऊन आल्या की यांचं सुरू, “अगं, तुजा प्रवेश डावीकडनं हाय.”

“आवं, डावीकडं भित हाय. चहा घेताय का भितीत शिरू?”

एकदा भावकीतल्या लग्नाची पत्रिका त्यांच्याकडे आली. मामांनी तीही नाटकासारखी लावली. वर स्थळ, खाली वेळ आणि मग ‘पात्रे, प्रवेशाच्या क्रमाने’. त्या क्रमात नवरीचे थोरले काका भटजींच्या मागे गेले. काका लग्नाला आले, पण जेवले नाहीत. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. “भटजी आदी येतोय, त्याला मी काय करू?” हा त्यांचा खुलासा आजही भावकीत सांगितला जातो.

आत आलेलं पात्र बाहेर गेलं की नाही, यावर तर त्यांची करडी नजर. “तुमचा रामू गडी पयल्या अंकात पानी घिऊन आला, त्यो गेलाच न्हाई,” एकदा त्यांनी फोन करून सांगितलं. जाईल हो, असं मी म्हणालो. “सांगितल्याबिगर कोन जातंय? तवापास्नं तांब्या घिऊन हुबा हाय बिचारा.” मला रामूसाठी खास एक ‘जातो’ लिहावा लागला.

मागच्या वर्षी सांगलीच्या नाट्यस्पर्धेसाठी मी एक नाटक लिहिलं. म्हातारं जोडपं, परदेशी गेलेला मुलगा, आणि शेवटी रिकाम्या दाराकडे बघत बसलेले दोघं. पडदा. त्या रिकाम्या दारावर मी फार खूश होतो. मामांचा मुलगा कॅनडात असतो; दर वर्षी औंधच्या यात्रेला येतो म्हणतो आणि दर वर्षी त्याची रजा नामंजूर होते. लिहिताना तो माझ्या डोक्यातही नव्हता, असं मी बायकोला सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही.

मामांनी मात्र चकार शब्द न काढता नाटक टाईप केलं आणि प्रती परस्पर नटांना वाटल्या. तालमीत शेवटचं पान उघडलं, तर ‘पडदा’च्या वर एक ओळ होती : ‘मुलगा प्रवेश करतो.’ संवाद नाही, काही नाही. मी तडक मामांकडे गेलो.

“मामा, ही ओळ माझी नाही.”

ते चष्मा पुसत राहिले. “टायपिंगची चूक असंल.”

“मग काढून टाका.”

“आता एका वळीपायी एवढा कागद कोन नासनार?” एका स्वल्पविरामासाठी अख्खा अंक पुन्हा छापलेला हा माणूस! मी दिग्दर्शकाकडे दाद मागितली. ते शाळेत पी. टी. शिकवतात. म्हणाले, “सर, एंट्री लय भारी हाय. मी पोरगं बी बघून ठिवलंय.” पोरगं म्हणजे स्टँडजवळच्या गॅरेजमधला मेकॅनिक. पाठांतर नसल्यामुळे तो आनंदाने तयार झाला होता. माझं रिकामं दार असं भरलं.

प्रयोग दुपारचा होता. आम्ही जीपने सांगलीला गेलो. मामा-मामी दुसऱ्या रांगेत बसले, मी आणि बायको त्यांच्या मागे. नाटक आमची नाटकं होतात तसं झालं. शेवटी दार उघडलं आणि तो मेकॅनिक खांद्याला बॅग लावून आत येऊन उभा राहिला. काय करायचं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळं थिएटर गप्प. आणि त्या शांततेत मामींचा आवाज आला, स्वयंपाकघरातून यावा इतका साधा :

“आलास का रं?”

पोराने आवाजाच्या दिशेने पाहिलं. क्षणभर घोटाळला. मग म्हणाला, “व्हय.”

पडदा पडला. हे नाटकातलंच समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मामींनी पदर तोंडाला लावला होता. मामा समोर बघत होते.

नंबर काही आला नाही. ‘शेवटची एंट्री अनावश्यक’ असा परीक्षकांचा शेरा नंतर कळला. मामांनी तो मान्य केला. लेखी असलेलं सगळंच ते मान्य करतात.

परतायला जीपमध्ये बसलो. मामांनी येताना वाटेत घेतलेला भडंगाचा पुडा मांडीवर धरला होता. जीप सुरू झाली तशी मामींनी विचारलं, “त्यो पोरगा जेवला आसंल का वो?”

गेटपाशी आल्यावर मामा ड्रायव्हरला म्हणाले, “थांबीव रं जरा.” उतरले आणि पुडा घेऊन मागे गेले. थिएटरच्या दाराशी तो मेकॅनिक टेम्पोत सेट चढवत होता. मामांनी पुडा त्याच्या हातात दिला आणि त्याच्याशी बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. काय, ते मी कधी विचारलं नाही. पोरगा नुसता मान हलवत होता.

मामी जीपच्या काचेतून बघत होत्या.

“लय वाळलाय गं,” त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.